निशाणी : हातोडा

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत न्यायाधीश मतपेटीतून निघतात. टेक्सासमध्ये तर ‘काउंटी जज’ पक्षाच्या तिकिटावर उभा राहतो, त्याला कायद्याची पदवी लागत नाही, आणि निवडून आल्यावर तो बराचसा वेळ काउंटीचे बजेट आणि रस्ते बघतो. म्हणजे आपला जिल्हा परिषद अध्यक्षच म्हणा ना. मेक्सिकोने 1 जून 2025 ला देशभर न्यायाधीशांसाठी मतदान घेतले, तर आले किती? सुमारे 13 टक्के. आमच्या नालासोपाऱ्यातले चार कार्यकर्ते बोलावले असते, तर एवढे मतदान सकाळच्या चहाआधी उरकले असते.

आमच्याकडे अजून जुनाट पद्धत. एमपीएससीची पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत. त्यावर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची वकिलीही सक्तीची केली. इतके करून वसई कोर्टात आलेले साहेब ना कोणाच्या हळदीला, ना दहीहंडीच्या बॅनरवर. वर काही वर्षांत बदलून जाणार. आपण कोणाचे कोण, हेसुद्धा ज्याला ठाऊक नाही, त्याने आपल्या जागेचा दावा ऐकायचा!

महाराष्ट्रात न्याय करणारे कधी निवडून आलेच नाहीत असे नाही. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात न्यायपंचायती होत्या : काही गावांचा गट, पंचायतींनी निवडून दिलेले पंच, किरकोळ दावे. सत्तरच्या दशकात सरकारने त्या गुंडाळल्या. गावात भावकी असताना आणखी न्याय कशाला, असे वाटले असेल.

तर आता वसई-विरारमध्ये पुन्हा सुरुवात करू. पहिली अडचण निशाणीची. आपल्या कोर्टात हातोडा कोणी आपटत नाही, पण सिनेमे बघितलेल्या मतदाराला न्यायाधीश म्हटले की तोच दिसतो. मात्र आमच्याकडे ‘हातोडा’ हा शब्द वर्तमानपत्रात ‘अनधिकृत बांधकामांवर’च्या पुढेच येतो. त्या निशाणीवर उभा राहणाऱ्याचे डिपॉझिट गेलेच म्हणून समजा.

जाहीरनामा सोपा आहे. 2011 मध्ये सरकारने 29 गावे महापालिकेतून वगळली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि दशक उलटले तरी तारखा पडत राहिल्या. आमचा उमेदवार शंभर दिवसांत निकाल देईल. गावांत सभा असेल तर गावे बाहेर, शहरात सभा असेल तर गावे आत.

खरी कसोटी अग्रवाल नगरीची. नालासोपारा पूर्वेला कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखलेल्या जागेवर 41 इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाने पाडा म्हटले, सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही, आणि 2025 च्या सुरुवातीपर्यंत त्या जमीनदोस्त झाल्या. दोन हजारांवर कुटुंबे कर्जाच्या हप्त्यांसकट रस्त्यावर आली. निवडून आलेल्या साहेबांनी हे होऊ दिले असते? एवढी मतदार यादी कोण पाडतो? त्यांनी आरक्षणच शेजारच्या प्रभागात सरकवले असते, आणि घरे विकून गेलेल्याचा सत्कार केला असता. ही दुसरी गोष्ट निवडणुकीवाचूनही अधूनमधून होते, ते सोडा.

मुदत संपल्यावर काय, ही काळजीही नको. महापालिकेची मुदत 2020 मध्ये संपली, पुढचे मतदान जानेवारी 2026 मध्ये झाले. मधली साडेपाच वर्षे प्रशासकाने चालवलीच की. कोर्टातही बसवू एक प्रशासक. तारीख देण्यापलीकडे त्याला काही करायचे नाही, त्यामुळे पक्षकारांना बदल जाणवणार नाही.

आणि आपल्याकडे प्रभाग बहुतेक चार सदस्यांचे. म्हणजे एका दाव्याला चार न्यायाधीश : एक वादीचा, एक प्रतिवादीचा, एक बिल्डरचा, आणि चौथा, ज्याला बाकीचे तिघे आदल्या रात्री निकाल कळवतील.