आपापल्या पाळीनं

लाकूड गुळगुळीत करण्याचं काम इतकं कर्कश का असावं, हा प्रश्न वखारीवरून जाताना मला दर वेळी पडतो. खरखरीत फळी एका बाजूनं आत शिरते, दुसऱ्या बाजूनं नितळ होऊन बाहेर येते. मधल्या हातभर अंतरात मात्र असा आक्रोश उठतो, की सागवानाला आपलं जंगलातलं पूर्वायुष्य आठवत असावं. हातरंध्याचं तसं नव्हतं. आमच्या घराची दारं-खिडक्या अंगणातच घडली. रंध्याच्या तोंडातून निघालेली पातळ वळी सर्र करत मिस्त्रींच्या मनगटावर येऊन बसे आणि त्या सरसरीवर ओसरीत आजीला हमखास डुलकी लागे. आम्ही मुली त्या वळ्या कानांत डूल म्हणून अडकवायचो. सागाचा कडवट वास संध्याकाळपर्यंत केसांत रेंगाळायचा.

फिरत्या पात्यांनी लाकूड तासायची कल्पना इंग्लंडमध्ये सॅम्युअल बेंथम यांनी १७९३च्या पेटंटात मांडली. हे जेरेमी बेंथम यांचे धाकटे भाऊ. थोरल्यानं जास्तीत जास्त लोकांच्या जास्तीत जास्त सुखाचं तत्त्वज्ञान सांगितलं. धाकट्यानं रंधा मशीनची वाट मोकळी केली. एकाच घरात असे दोन भाऊ निपजतात, त्याला कोणी काय करावं!

आवाजाचं कारण शोधायला गेलं, तर ते लाकडापेक्षा पात्यांच्या एकजुटीत सापडतं. नेहमीच्या मशीनच्या गोल दांड्यावर, म्हणजे कटरहेडवर, फळीच्या रुंदीएवढी दोन, तीन किंवा चार लांब, सरळ पाती बसवलेली असतात. पातं खाली आलं की त्याची सगळी धार एकाच क्षणी लाकडावर आदळते. तीन पाती आणि मिनिटाला ५००० फेरे धरले, तर सेकंदाला २५० वार झाले. पेटीवर हा सूर पांढरी एकच्या किंचित खाली लागतो. सूर म्हणून वाईट नाही, पण हा गवई श्वासच घेत नाही. गंमत म्हणजे फळी नसतानाही तो गातच राहतो, कारण पातं टेबलाच्या कडेजवळून जाताना मधली हवा दाबून फटकन सोडतं, भोंग्यासारखी. काही कारखानदार त्यासाठी टेबलाच्या कडेला खाचा पाडतात, म्हणजे हवेला निसटायला वाट मिळते.

सर्पिल कटरहेडवाल्यांनी मात्र एकजूटच मोडली. लांब पात्यांच्या जागी कार्बाइडची नखाएवढी चौकोनी पाती, तीही दांड्याभोवती नागमोडी वळणानं एकामागून एक बसवलेली. प्रत्येक पातं आपली पाळी आली की लाकडाचा छोटासा तुकडा उचलतं आणि बाजूला होतं. ढोलपथकानं एकत्र हाणलेला ठोका आणि कौलांवर पडणारा पाऊस यांत जेवढा फरक, तेवढाच इथंही. पाऊस काही कमी पडत नाही. फक्त सगळे थेंब एकाच वेळी पडण्याचा हट्ट धरत नाहीत.

एवढ्यानं आवाज दहा डेसिबलनं उतरू शकतो. दहा हा आकडा दिसायला किरकोळ, पण डेसिबलचा हिशेब सरळ नाही. दहा कमी झाले की ध्वनीची ऊर्जा एक दशांशावर येते. कान मात्र एवढा चिक्कू, की तो म्हणतो, ‘निम्माच झाला असेल.’ कायद्याची तर त्याहून कडक नजर. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि फळी खाणारं मशीन कितीही शहाणं झालं तरी त्या आकड्याच्या आसपास फिरकत नाही. शिवाय मोठा आवाज बसला की त्याच्या आड दडलेले बाकीचे आवाज पुढं सरसावतात. आमच्या मिस्त्रींकडं हे हेड आल्यावर पहिल्यांदाच कळलं, की भुसा ओढणारा पंखाही चांगलाच रडका आहे.

मिस्त्री स्वतः अजून ओरडूनच बोलतात. वर्षानुवर्षांच्या गोंगाटानं कानाचा वरचा पदर, ४००० हर्ट्झच्या आसपासचा, आधी झिजतो. मग स, श असे नाजूक वर्ण वाटेतच गळतात. मिस्त्रींना ‘शिसम’ म्हटलं तर ते माझ्या ओठांकडं बघतात. कान झाकायचं साधन त्यांच्याकडं आहे, पण ते मफलरसारखं गळ्यातच असतं. मात्र पाती फिरवायला बसले की हाच माणूस अत्तर लावावं इतक्या हळुवारपणे काम करतो. एक-एक स्क्रू सैल करायचा, पातं उचलायचं, जुन्या टूथब्रशनं त्याची बैठक झाडायची, मग पाव फेरा देऊन नवी धार पुढं आणायची. चार धारा, म्हणजे एका पात्याचे चार जन्म. खाली भुश्याचा कण जरी राहिला, तरी ते पातं डोकं वर काढतं आणि फळीभर एक बारीक रेघ ओढत जातं.

परवा फळ्या रंधून घ्यायला गेले, तर मशीन चालू असताना त्यांनी भाव सांगितला आणि चक्क कळला. पूर्वी गोंगाटात ऐकू आलं नाही असं दाखवून मी माझाच आकडा पुढं करायचे, आणि तेही मुकाट मान डोलवायचे.

“मिस्त्री, दर वाढवलात?” मी विचारलं.

“ताई, हेडाचे पैशे कुणी भरायचे?” ते गरजले. “आणि आता ऐकू आलं नाही, असं म्हणू नका!”