स्लोव्हेनिया प्रकल्प : तिसरी सुप्रमा

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस वाशीममध्ये लांबूनही ओळखू येतो. पाऊस आला की बाकीचे आडोसा शोधतात, हा घड्याळ बघतो. पंगतीत बसला की वाढप्याच्या बादलीतून वरण किती वेगानं पडतंय याकडं त्याचं लक्ष. पुसद नाक्यावर पाइप फुटला तर लोक नुसत्या शिव्या देतात. हा आधी विसर्ग किती ते सांगतो आणि मग शिव्या देतो.

आमचे साहेब याच कुळातले. कनिष्ठ अभियंता म्हणून लागले, उपअभियंता म्हणून सुटले, आणि पुढं नुसते 'साहेब' राहिले, कारण ते पद रिकामं करून द्यावं लागत नाही. निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम हाती घेतलं : स्लोव्हेनियाची सहल. आज त्या कामाची फाईल चार बोटं जाड आहे आणि साहेब त्या कामी अकोल्याच्या पुढं गेलेले नाहीत. अकोल्याला गेले तेही फोटो काढायला. शेंगेन व्हिसाला फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा लागतो, आणि वाशीमच्या फोटोवाल्याची पट्टी साहेबांना विश्वासार्ह वाटत नाही.

असा माणूस आमच्याकडं एकटादुकटा नाही. पेन्शनीच्या वयाला मनात एक देश बाळगायची रीत आता तालुक्यातालुक्यांत पोचली आहे. कारंज्याच्या एका निवृत्त बँक मॅनेजरनं आइसलँड धरलाय, रिसोडच्या एका हेडमास्तरांनी एस्टोनिया. देश लहान हवा, हिरवा हवा आणि तालुक्यातलं कुणी तिथं गेलेलं नसावं, एवढ्याच अटी. पॅरिस आणि स्वित्झर्लंडची अब्रू कधीच गेली. तिथं टूरवाल्यांच्या बसमध्ये बसून कुणीही जातं आणि डोंगरावर उभं राहून घरी व्हिडिओ कॉल लावतं. साहेबांच्या हाताखाली काम केलेला एक शाखा अभियंता असाच युंगफ्राउला जाऊन आला आणि पेन्शनरांच्या बैठकीत त्यानं बर्फातले फोटो एकेकाच्या नाकाखाली धरले. साहेब त्या दिवशी चहा न घेता घरी आले आणि मुलाच्या जुन्या नकाशापुस्तकात त्या शाखा अभियंत्याला उच्चारता येणार नाही असा देश शोधत बसले. राजधानीचं नाव ल्युब्लियाना सापडलं आणि बोट तिथंच थांबलं.

दुसरं कारण जास्त खरं आहे. स्लोव्हेनियाचं क्षेत्रफळ २०,२७३ चौरस किलोमीटर. यवतमाळ आणि वाशीम हे दोन जिल्हे जोडले तरी थोडे कमीच पडतात, पण अमरावती विभाग घेतला तर त्यात स्लोव्हेनिया दोनदा मावतो. लोकसंख्या एकवीस लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या वाशीम जिल्ह्याची बारा लाखांच्या घरात होती. समुद्रकिनारा जेमतेम ४७ किलोमीटर, सर्वांत उंच डोंगर त्रिग्लाव २,८६४ मीटर, निम्म्याहून जास्त जमिनीवर जंगल. हे सगळं मांडून झाल्यावर साहेब टेबलावर पेन ठेवतात आणि म्हणतात, "एका अधीक्षक अभियंत्याच्या आवाक्यातला देश आहे हा." फ्रान्सबद्दल असं म्हणायची सोय नाही.

खात्यात अंगवळणी पडलं होतं त्याच पद्धतीनं फाईल तयार झाली. आधी सर्वेक्षण, मग तांत्रिक मान्यता (ती त्यांची त्यांनीच दिली), मग अंदाजपत्रक. विमानतळावर बॅग ओढण्याचं अंतर 'लीड'मध्ये धरलंय, ती वरच्या कप्प्यात ठेवणं 'लिफ्ट'मध्ये. आकस्मिक खर्च पाच टक्के. धरण म्हटलं की बुडीत क्षेत्र आलंच. या प्रकल्पात काकूंच्या नावावरची मुदत ठेव बुडिताखाली जाते आणि प्रकल्पग्रस्त म्हणून काकूंची हरकत फाईलला लावलेली आहे. पुनर्वसनाच्या प्रकरणात अंगणातली तुळस आणि एक मांजर. मांजर आमच्याकडं हलवायचं ठरलंय. आमची सही अजून कुणी घेतलेली नाही.

पण या रुक्ष फाईलमध्ये एक पान असं आहे की ते उघडलं की साहेबांचा आवाज बदलतो. ते पान चेर्कनित्सा सरोवराचं. चुनखडीच्या मुलखातलं हे सरोवर दर वर्षी येतं आणि जातं. पावसाळी दिवसांत आणि बर्फ वितळलं की जमिनीतल्या विवरांतून पाणी वर चढतं आणि पंचवीस-सव्वीस चौरस किलोमीटरचा पाणपसारा होतो. कोरड्या महिन्यांत ते त्याच विवरांतून खाली निघून जातं. ज्या जागी मासे धरले त्याच जागी लोक पुढं गवत कापतात.

"म्हणजे पाझर तलाव!" साहेब टेबलावर हात मारतात. "खालून गळून रायला बावा, अन् जग पाहाले येऊन रायलं!"

हे दुःख समजून घ्यायला हवं. बहात्तरच्या दुष्काळात महाराष्ट्रात गावोगाव पाझर तलाव खोदले गेले. साहेबांच्या नोकरीचा निम्मा काळ त्या पिढीच्या तलावांची डागडुजी करण्यात गेला, उरलेला निम्मा 'पाणी गेलं कुठं' या प्रश्नाची लेखी उत्तरं देण्यात. ते पाणी जमिनीत मुरावं म्हणूनच तलाव बांधलेला असतो, हे वरच्या साहेबांना पटवणं कठीण. तिकडं यानेझ वाल्वासोर नावाच्या माणसानं चेर्कनित्साचं पाणी कुठं जातं हे लिहून लंडनला पाठवलं, तर १६८७ साली त्याला रॉयल सोसायटीचा सभासद करून घेतलं. साहेब हे वाक्य दोनदा वाचून दाखवतात आणि चष्मा पुसतात. त्यांनीही असंच एक स्पष्टीकरण वर पाठवलं होतं. त्यांना खुलासापत्र आलं.

पोस्तोयनाच्या गुहेचं पान मी ऐकतो ते कारंज्यासाठी. तिथं जमिनीखाली चोवीस किलोमीटरची गुहा आहे आणि १८७२ पासून आत रूळ टाकलेले आहेत. सुरुवातीला वाटाडेच डबे हातानं ढकलायचे. आज प्रवासी विजेच्या छोट्या गाडीत बसून आत जातात. आमच्याकडं यवतमाळ-कारंजा-मुर्तिजापूर ही शकुंतला होती. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली, मग डिझेलवर, मग चालायचीच थांबली. तिकडं डोंगराच्या पोटात गाडी पळते, इकडं उघड्या माळावर पळेना. यावर साहेब काही बोलत नाहीत. रेल्वे त्यांच्या खात्यात येत नाही.

ब्लेडचं सरोवर मात्र येतं. मधोमध बेट, बेटावर चर्च, चर्चला चढायला नव्व्याण्णव पायऱ्या. लग्न झालं की नवऱ्या मुलानं नवरीला उचलून त्या चढायच्या, तिनं तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी तिथली रीत. काकूंनी हे ऐकलं आणि भाजी निवडता निवडता विचारलं, "मंग, मले उचलून नेसान का?" साहेबांनी काकूंच्या वजनाला नाही, आपल्या गुडघ्याच्या एक्स-रेला धरून उत्तर दिलं. वर एक घंटा आहे, ती वाजवून इच्छा मागितली की पुरी होते म्हणतात. काकू म्हणाल्या, "घंटा वाजवाले एवढ्या दूर कायले जाचं? बालाजीच्या देवळातली काय फुटली?"

काकूंचा राग वेगळाच आहे. वाशीमहून लोणार दोन तासांवर. उल्का आदळून झालेलं सरोवर, २०२० मध्ये रामसर यादीत गेलेलं. साहेबांना त्याचा व्यास, खोली, खारेपणा सगळं पाठ. काकूंना त्यांनी ते दाखवलेलं नाही. "ते बुलडाणा जिल्ह्यात येतं," हे त्यांचं एकमेव स्पष्टीकरण. "पाणी गुलाबी झालतं तवा तरी न्याचं होतं," काकू म्हणाल्या. साहेब म्हणाले, तेव्हा टाळेबंदी होती. काकू म्हणाल्या, आता नाही.

मूळ अंदाजपत्रक झालं तेव्हा व्हिसाची फी साठ युरो होती आणि एक युरो ऐंशी रुपयांच्या आगेमागे. फेब्रुवारी २०२० मध्ये फी ऐंशी झाली आणि पाठोपाठ करोना आला. पहिली सुप्रमा. (सुधारित प्रशासकीय मान्यता. धरण पुरं होत नाही पण त्याची किंमत पुरेशी वाढते, तेव्हा ही घ्यावी लागते.) जून २०२४ मध्ये फी नव्वद युरो, दुसरी सुप्रमा. त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला आणि बाजारात त्याच्या खालीच विकावं लागलं, म्हणून निधीची तरतूद पुढं ढकलली. मग युरोनं शंभरी ओलांडली. तिसरी सुप्रमा सध्या काकूंच्या टेबलावर, म्हणजे ओट्यावर आहे. कुणी हसलं तर साहेब गोसीखुर्द काढतात : १९८३ साली ३७२ कोटींचं काम होतं, अठरा हजार कोटींच्या वर गेलं. "त्या मानानं माहं तं नियंत्रणात आहे." मला हे पटतं. सहलीची तर अजून चौकशीही लागलेली नाही.

या सगळ्यात आमच्या गल्लीतल्या एका पोरानं घोटाळा केला. तो म्युनिकला नोकरीला. शुक्रवारी संध्याकाळी मित्रांचं ठरलं, शनिवारी सकाळी गाडी काढली आणि दुपारी ब्लेडच्या काठावरून साहेबांना फोटो आला : हातात ताटली, ताटलीत तिथला प्रसिद्ध क्रीमचा केक. साहेबांनी लगेच फोन लावला.

"अंदाजपत्रक?"

"काका, पेट्रोल वाटून घेतलं."

साहेबांनी ते सोडून दिलं. "१९६४ साली तळ्यात शेवाळ लय झालतं म्हणून राडोव्हना नदीचं पाणी वळवून आणलं होतं. त्या पाण्याचं तोंड पाहिलं का?"

"नाही काका."

"मंग पाहिलं काय? बरं, तो केक. त्याची बाजू सात सेंटिमीटरची असते. मोजली?"

"काका, खाल्ला."

पलीकडं बराच वेळ शांतता होती. पाया बुजवण्याआधी मोजमाप पुस्तकात नोंद घ्यायची असते, हे साहेबांनी तीस वर्षं ठेकेदारांना शिकवलं. आता फोनवर त्या पोराला शिकवायचं की नाही, याचा ते विचार करत असावेत. संध्याकाळी फाईलमध्ये शेरा पडला : स्थळपाहणी समाधानकारक नाही, फेरपाहणी आवश्यक.

पोरगा गुणी. त्यानं काकांना आणि काकूंना दोघांनाही बोलावलं. घर आहे, गाडी आहे, सुटी काढतो म्हणाला. साहेबांनी नकार दिला. आयत्या घरी उतरायचं, आयत्या गाडीत बसायचं, म्हणजे विनानिविदा काम झालं, आणि असल्या कामात पुढं लेखापरीक्षणाचे आक्षेप निघतात. काकूंनी त्याच फोनवर पोराला वेगळं विचारलं : विमानात खारोड्या किती किलो चालतात?

महिन्याभरानं ठाण्यातून हवालदार आला, पासपोर्टच्या पडताळणीसाठी. साहेबांना वाटलं, प्रकल्पाची चौकशीच लागली. त्यांनी त्याला खुर्ची दिली, फाईल उघडली, लीड चार्ट दाखवला. चेर्कनित्साच्या पानावर तर त्याला दुसरा चहा मागवावा लागला. तो बिचारा 'पाणी जातं कुठं साहेब?' असं विचारून बसला, त्यामुळं आणखी अर्धा तास गेला. शेवटी त्यानं आपला कागद पुढं केला. अर्ज काकूंचा होता. काकूंनी पदराला हात पुसले, जिथं दाखवलं तिथं सही केली आणि आत जाता जाता म्हणाल्या, "त्यायची निविदा निघेपर्यंत मी जाऊन येतो."

हवालदारानं टोपी घातली. दारात थांबून त्यानं अदबीनं विचारलं, "साहेब, अन् तुमचा पासपोर्ट?"

"तो," साहेब फाईलची नाडी बांधत म्हणाले, "दुसऱ्या टप्प्यात आहे."