निपाणीस आप्पांना पत्र

लॉस एंजेलिस, ता. ५ ऑक्टोबर २०१६

तीर्थरूप आप्पांस बालकाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

येथील बेसबॉलचा समालोचक विन स्कली ६७ हंगामांची अखंड चाकरी करून, वयाच्या ८८व्या वर्षी, परवा २ तारखेस निवृत्त झाला. आणि ज्यास आमच्यापैकी कोणी समक्ष पाहिलेही नाही अशा त्या गृहस्थासाठी आपल्या सूनबाईंनी डोळे पुसले, हे वर्तमान कळवावे म्हणून हा पत्रप्रपंच.

१९५० साली तो ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाकडे रुजू झाला. १९५८ साली मालकाने अवघा संघच लॉस एंजेलिसला हलविला, तेव्हा हाही बदली होऊन इकडे आला. आपली निपाणी १९५६ साली जागची तसूभर न हलता मुंबई राज्यातून म्हैसुरात दाखल झाली, त्याच्या नेमका उलट हा प्रकार; मात्र ब्रुकलिनची जुनी मंडळी अद्याप धुमसत आहेत, हे थेट आपल्याकडच्यासारखेच.

येथील कोलिझियम हे मैदान इतके अवाढव्य की मागच्या रांगांतून खेळ दिसण्याची मारामार. म्हणून लोक ट्रान्झिस्टर घेऊन जात, आणि डोळ्यांदेखत घडलेले, स्कलीने सांगेपर्यंत खरे मानीत नसत. १९६० साली एका सामन्यात, पंच फ्रँक सेकोरी यांचा आज वाढदिवस आहे, असे सांगून त्याने एक-दोन-तीन म्हटले मात्र, साऱ्या प्रेक्षकांनी एकमुखाने शुभेच्छांचा गजर केला! पंचास शिव्यांव्यतिरिक्त काही मिळाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

सोबतीला आणखी समालोचक बसवणार म्हणताच बॉबी तल्यारखान आकाशवाणीचा माईक सोडून निघून गेले, हे आपणच सांगत असा. स्कलीही बहुधा एकटाच बोले. परंतु त्याची खरी थोरवी न बोलण्यात. लहानपणी चार पायांच्या मोठ्या रेडिओखाली उशी घेऊन पडावे आणि गर्दीचा कल्लोळ अंगावर घ्यावा, हा त्याचा छंद. त्यामुळे १९७४ साली हँक आरनने बेब रूथचा विक्रम मोडणारा ७१५वा होम रन मारला, तेव्हा चेंडू पार गेल्याचे सांगून हा गप्प झाला आणि बराच वेळ केवळ गर्दीच ऐकू येत राहिली. बाळ ज. पंडितांसारखे, स्वतः रणजी खेळलेले गृहस्थ मराठीतून धावते वर्णन करीत असता आपण दर चेंडूस पंचांचा निकाल फिरवीत असा, सबब पंडित आम्हांस धड कधी ऐकूच आले नाहीत. तो गुण आपल्या नातवात पुरेपूर उतरला आहे.

स्कलीच्या जागी येणारा जो डेव्हिस २८ वर्षांचा आहे. त्याच हिशेबाने त्याच्या निवृत्तीस अजून ६० वर्षे आहेत. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याचा निकाल तोवर लागावा, असा अंदाज आहे. कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
बंडू