ओरिजिनलमध्ये दोन प्रकार

सोलापुरात, भर सोलापुरात, एसटी स्टँडच्या अलीकडे एका हातगाडीवर पाटी लागली आहे : 'ओरिजिनल सोलापुरी चादर, २०० ला २'. ती वाचून कुणी हसत नाही. लोक थांबतात आणि भाव करतात.

चारचौघांत ओळख करून देताना 'ही माझी ओरिजिनल बायको' असं म्हणणाऱ्या गृहस्थाविषयी तुमच्या मनात जे येईल, ते या पाटीविषयी यायला हवं. पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर 'ओरिजिनल सोलापुरी' असा पुकारा होतो तो समजू शकतो. तिथं सोलापूर म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेस जिथं रिकामी होते ते ठिकाण. पण इथं? ज्या गावात चादर विणली जाते त्याच गावात ती ओरिजिनल असल्याची ग्वाही द्यावी लागते, याचा अर्थ उघड आहे. ती ओरिजिनल नाही.

खरं तर हा शब्द ऐकला की हल्ली खिसा चाचपावा. मोबाईलची काच फुटली म्हणून दुकानात जा. पोरगा मान वर न करता विचारतो, "डुप्लिकेट टाकू का ओरिजिनल?" आपण बाणेदारपणे ओरिजिनल म्हणतो. "ओरिजिनलमध्ये दोन प्रकार येतात. साधं ओरिजिनल आणि कंपनीचं ओरिजिनल." म्हणजे कंपनीनं न केलेलं ते साधं ओरिजिनल. मग डुप्लिकेट म्हणजे काय, हे विचारायची हिंमत माझ्यात नाही. शेंगाचटणीच्या एका दुकानावर 'ओरिजिनल', शेजारच्यावर 'ओरिजिनल व जुने', तिसऱ्यावर 'हेच ते ओरिजिनल, आमची कोठेही शाखा नाही'. चटणी तिन्हीकडे तीच, खलबत्त्याचं चित्रही तेच, आणि आत मिक्सरचा आवाज.

पण कळस आहे तो 'ओरिजिनल झेरॉक्स'. कुठल्याही खिडकीपुढं उभे राहा, आतून आवाज येतो, "ओरिजिनल झेरॉक्स आणलीय का?" ओरिजिनल दाखवायची असते आणि झेरॉक्स द्यायची असते. झेरॉक्सची झेरॉक्स चालत नाही, म्हणून ओरिजिनलवरून काढलेली ती ओरिजिनल झेरॉक्स. ती खरी आहे असं तिच्यावर आपणच लिहायचं, खाली आपणच सही ठोकायची, की तिची सत्यप्रत होते. एका आजोबांनी खिडकीत खरोखरचा, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, शाईनं लिहिलेला शाळेचा दाखला दिला, तेव्हा आतल्या इसमानं तो दोन बोटांत धरून परत केला. "हे काय आजोबा, ओरिजिनल द्या." आजोबा बाहेरच्या टपरीवर गेले, रंगीत झेरॉक्स काढली, लॅमिनेशन करून आणली. चकचकीत होती. "आता कसं! असं आणायचं असतं." आजोबांचा ओरिजिनल दाखला पिशवीत, आजोबा ओरिजिनल खिडकीपुढं, आणि कामाला आला तो प्लास्टिकमधला कागद. यावर हसायचं असतं, पण मला आता हसू येत नाही.

चादरीकडे येतो. सोलापुरी चादर सुताची असते. जकार्ड मागावर ती विणतात. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या फिरतात आणि त्या भोकांच्या हुकमावर खाली मोर उमटतो, फुलं उमटतात. नक्षी छापत नाहीत, विणतात. म्हणून चादर उलटली की तोच मोर उलट्या रंगांत दिसतो. नवी असते तेव्हा जड आणि खरखरीत, धुऊन धुऊन मऊ होत जाते. अमेरिकेतून आलेल्या पाव्हण्यांना भेट द्यावी तर म्हणतात, "ओरिजिनल नको हो, बॅगेचं वजन वाढतं." या चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामागचा कायदा १९९९ चा. खोटं मानांकन लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान ५० हजार दंड, असं त्यात लिहिलं आहे. हातगाडीवाला मात्र रात्री मालावर मेणकापड झाकतो आणि शीळ घालत घरी जातो.

त्याचा माल पानिपतचा. पॉलिएस्टरचा, हलका, गुळगुळीत, एका बाजूनंच मोर. १४ जानेवारी १७६१ ला मराठ्यांचं पानिपत झालं ते पानिपतात जाऊन. आता तेवढा प्रवासही उरला नाही. त्याच तारखेच्या आसपास सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते आणि पानिपत स्वतः ट्रकमधून येतं, ओरिजिनल सोलापुरी होऊन. पण पानिपतवर चिडून काय उपयोग? त्यांनी चादर विणली आणि विकली, चोख धंदा केला. तिच्यावर सोलापूरचं नाव चढवणारे हात कुणाचे? तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करून आलेल्या भाविकाला 'घ्या की मालक, एकदम ओरिजिनल हाय' असं म्हणत ती गळ्यात मारणारे कोण? आपलेच. आणि सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, ज्यांनी सूत, मजुरी आणि विजेचा हिशेब जुळवत चादर विणली, त्यांतल्या कित्येकांनी चादर सोडून टॉवेल धरला, कित्येकांचे माग भंगारात किलोवर गेले. माग किलोवर गेला आणि त्या मागाचं नाव मात्र दर चौकात फुकट वापरायला मोकळं. नाव वापरायचं तर निदान लाज तरी बाळगा की!

माझी मागणी फार मोठी नाही. 'ओरिजिनल' म्हणणाऱ्यानं खिशात काडीपेटी बाळगावी. चादरीचा एक दोरा उपसावा आणि गिऱ्हाइकासमोर काडी लावावी. सूत असेल तर कागदासारखं जळेल, बोटाला राख लागेल. पॉलिएस्टर असेल तर आक्रसून काळी कडक गुठळी होईल आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटेल. दोन सेकंदांचं काम, ना समिती, ना शिक्का, ना झेरॉक्स. हे मी गाडीवाल्याला सुचवून पाहिलं. तो दुखावला. "तसली ओरिजिनल पाहिजे तर आधी बोलायचं की मालक. ती ऑर्डर देऊन मागवावी लागंल, चार दिवस लागतील."

तेव्हा काडीपेटी गिऱ्हाइकानंच न्यावी हे बरं. तसाही आपल्या गावात दिवसभर एकमेकांत काड्या लावायचाच उद्योग चालतो, त्यातली एखादी दोऱ्यालाही लागू द्या.