मिळून आला नाही

पोह्यांत शेंगदाणे नसले तर तुम्हीआम्ही विचारतो, "आज शेंगदाणे नाहीत का?" बेलीफकाका बशी जराशी तिरपी करतात, चमच्यानं चारी बाजूंनी पाहणी करतात आणि स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा बेतानं सांगतात, "शेंगदाणे मिळून आले नाहीत."

काका कोर्टातून बेलीफ म्हणून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. पगार थांबला, भाषा चालूच राहिली. त्यांचा चष्मा सापडत नाही, तो 'उशीखाली मिळून येतो'. दूधवाला 'गैरहजर राहतो'. मला बोलवायचं असलं की नातवाकरवी निरोप 'बजावतात', आणि नातू परतला की पहिला प्रश्न, "समक्ष दिलास का घरच्यांपाशी?"

असा एक माणूस प्रत्येक गल्लीत असतो. रिटायर्ड कंडक्टर सिनेमातल्या एसटीत तिकीट कितव्या टप्प्याचं फाडलं ते बघतो. रिटायर्ड नर्सबाई हिरो शेवटचे श्वास घेत असताना सलाइनची बाटली चुकीच्या उंचीवर टांगल्याबद्दल बोलतात. बाकीचं घर रडत असतं, आणि हे आपलं खातं सांभाळत असतात. आमच्या किनवटला कोर्टाच्या मालिकांचं खातं काकांकडं आहे.

पण त्यांच्या टीकेला एक अधिष्ठान आहे, ते आधी सांगायला हवं. किनवट तालुका केवढा आहे हे नकाशात कळत नाही, पायांना कळतं. माहूर वेगळा तालुका नव्हता तेव्हा तर विचारूच नका. इस्लापूर, बोधडी, मांडवी, उमरी, सारखणी. मधे सागवानाचं जंगल, जंगलात तांडे आणि आदिवासींचे गुडे. एसटी जिथं वळून परत फिरायची तिथून पुढं काका पायी. खांद्याला पिशवी, पिशवीत समन्स, अंगठ्यासाठी शाईचा पॅड, डिंकाची बाटली आणि चिवड्याची पुडी. कोर्टाचा माणूस आला म्हटलं की प्रतिवादी शेतात जातो, आणि शेत कुठंय विचारलं की अख्ख्या गावाला ते शेत माहीत नसतं. मग दोन पंच गाठायचे, समन्स दाराला चिकटवायचं, रिपोर्ट लिहायचा. तांड्यावर एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तिघं निघायचे, कधी बापाचं नावसुद्धा एकच. काका तिथं नाव विचारतच नसत. विचारत, "कुणाची म्हैस कुणाच्या वावरात शिरली होती?" मग खरा प्रतिवादी आपोआप वाद घालत पुढं यायचा.

दिवाणी कायद्यात पूर्वी प्रतिवादी घरी नसला तर घरातल्या सज्ञान पुरुषाकडंच समन्स देता यायचं. १९७६ च्या दुरुस्तीनं बाईकडं दिलेलंही ग्राह्य झालं. काका हे सांगताना आवाज उतरवतात, "घरातली बाई सज्ञान असती हे कायद्याला १९७६ ला कळालं. तुझ्या काकूला आधीच ठाऊक होतं."

किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात, हैदराबाद राज्यात. काकांच्या वडिलांनी ऐकलेलं कोर्ट उर्दू बोलायचं, त्यामुळं काका आजही तारखेला 'पेशी' म्हणतात आणि फायलीला 'मिसल'. दवाखान्यातली बीपीची फाइलसुद्धा मिसलच. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात बोलावलं की घरी येऊन सांगतात, "पुढची पेशी पडली."

मुलीच्या लग्नात पत्रिका वाटायचं काम त्यांच्याकडं आलं, तेव्हाची गोष्ट गल्ली अजून सांगते. काकांनी प्रत्येकाची पोच घेतली. एका व्याह्यांचं घर बंद होतं. काकांनी शेजारची दोन माणसं बोलावली, त्यांच्यासमोर पत्रिका दाराला चिकटवली, वर तारीख आणि वेळ टाकली. व्याही गावाहून परत आले ते घराचा लिलाव निघाला असं समजून तसेच वकिलाकडं गेले. लग्नाला आले, पण अक्षता पडेपर्यंत घाबरलेलेच होते.

असा माणूस कोर्टाची मालिका बघतो म्हणजे पाहणीला जातो. खुर्ची दारापाशी, खिशात पेन, मांडीवर वही. सुरू झाल्याची वेळ वहीत पडते. हातोडा दिसला की एक टिंब. "आपल्या कोर्टात हातोडा नसतोय. हातोडा सुताराकडं असतोय." गीतेवर हात ठेवला की दुसरं टिंब. "शपथेचा कायदा १९६९ चा आहे. त्यात पुस्तक कुठंय?" तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नावावरही त्यांची हरकत आहे. तालुक्याच्या कोर्टात पुकारा ऐकू यायची मारामार, शांतता कुठून आणली म्हणे.

सोनीवर २०१० साली 'अदालत' सुरू झाली तेव्हा काका भरात होते. रोनित रॉयचा के. डी. पाठक भर कोर्टात खुनी शोधून काढायचा. "वकीलच खुनी पकडायलाय, मग पोलीस काय करायलेत?" २०१२ साली 'सीआयडी' आणि 'अदालत' एकत्र आल्या, एसीपी प्रद्युम्न एकीकडं आणि पाठक दुसरीकडं. गल्लीत दोन तट पडले. काका कुठल्याच तटात नव्हते. "दोन्ही खाती आली. बेलीफ दोन्हीकडं मिळून आला नाही."

ही त्यांची मूळ तक्रार. हातोडा, गीता हे तोंडी लावायला. खरं दुःख हे की पडद्यावरचे सगळे साक्षीदार, सगळे आरोपी, दूरच्या आत्या आणि हरवलेले जुळे भाऊ नेमक्या पेशीला आपापले हजर होतात. त्यांना आणलं कुणी? समन्स कुठंय? प्रोसेस फी कुणी भरली?

काकूंची समीक्षा वेगळ्या घराण्याची. त्या 'ठरलं तर मग' ही मालिका सोडत नाहीत. २०२२ च्या डिसेंबरात ती सुरू झाली तेव्हापासून अर्जुन सुभेदार त्यांच्या घरचाच. अर्जुन वकील, म्हणून काकाही बसतात. अर्जुन आणि सायली करार करून लग्न करतात, इथंच काका अडकले. "करार कितीच्या बाँडवर केला? शंभराचा आता चालत नाही, २०२४ पासनं पाचशेचा लागतोय."

"अहो, त्यांचं प्रेम बसलंय."

"बसू दे. नोटरी कुठंय?"

एकाच चित्रपटापुढं काका गप्प बसलेले मी पाहिलेत. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट', ज्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्यात बाई बिनबाह्यांचा पोशाख घालून आली म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण घेतच नाहीत, पुढं ढकलतात. काकांनी वही मिटली. "हे कुणीतरी बसून बघितलंय," म्हणाले. याहून मोठं प्रशस्तिपत्रक त्यांच्या दप्तरात नाही.

तर गेल्या दिवाळीला नातू कृष्णा एक्स्प्रेसनं हैदराबादहून आला आणि आल्या आल्या म्हणाला, "आजोबा, तुम्हाला वकिलाची एक जबरदस्त मालिका दाखवतो. 'बेटर कॉल सॉल'. 'ब्रेकिंग बॅड'चा स्पिनऑफ आहे."

"काय आहे?"

नातवानं समजावलं. आधी एक मालिका होती, ती संपली. तिच्यातलं एक पात्र उचललं आणि त्याची वेगळी मालिका काढली.

काकांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे दरखास्त. मूळ दावा निकाली निघाला, त्याच्यातनं दरखास्त दाखल झाली. नंबर वेगळा, माणसं तीच. कोण किती चाललं?"

नातवानं मोबाइलवर पाहिलं. 'ब्रेकिंग बॅड'चे ६२ भाग, 'बेटर कॉल सॉल'चे ६३.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "दरखास्त दाव्यापेक्षा लांबतीच."

मला या मालिकेबद्दल थोडं वाचून माहीत होतं. २०१५ साली आली तेव्हा काही जणांना फार संथ वाटली, आणि २०२२ ला संपली तेव्हा कित्येक समीक्षक तिला मूळ मालिकेच्या बरोबरीची, काही तर वरचढ म्हणू लागले होते. काकांना मात्र पहिल्या भागातच पटली. कोर्ट भरलेलं आहे, न्यायाधीश बसलेत, ज्यूरी बसलीय, आणि सगळे नुसते थांबलेत. वकील जागेवर नाही. वकील बाथरूममध्ये भाषणाची तालीम करतोय. कोर्टाचा माणूस त्याला शोधायला जातो.

"थांब, मागं घे," काका म्हणाले. तेवढाच तुकडा पुन्हा पाहिला. "बघ. वकिलाला आणायला माणूस गेला. बघितलंस?"

तिथून पुढं काकांचं जिमी मॅकगिलवर, म्हणजे पुढं सॉल होणाऱ्या त्या वकिलावर, फारसं लक्ष राहिलं नाही. तीन आरोपींचा बचाव केला म्हणून हा तीन फिया मागतो आणि खिडकीतनं ७०० डॉलरचा एकच चेक मिळतो, इथं ते कळवळले. एकाच तांड्यावर तीन समन्स नेले तरी भत्ता एका फेरीचाच, ही त्यांची जुनी जखम आहे. वकिलाचं ऑफिस नखं रंगवायच्या दुकानामागच्या खोलीत, हेही त्यांना खटकलं नाही. आमच्याकडं काही वकिलांचा अर्धा व्यवसाय झेरॉक्सच्या दुकानात चालतो. पण जीव जडला तो पार्किंगच्या खोपटात बसणाऱ्या माइकवर. वकील कितीही बडबडला तरी स्टिकर कमी पडले की माइक दांडी वर करत नाही. "हा आमच्यातला," काका म्हणाले. जिमी झालेल्या बॉब ओडेनकर्कच्या अभिनयावर जगभर स्तंभ लिहिले गेले. काकांच्या वहीत त्याच्या नावापुढं 'वकील, बोलका' एवढंच आहे. माइक झालेल्या जोनाथन बँक्सच्या नावापुढं 'कामावर हजर'.

जिमीच्या थोरल्या भावाला विजेचा त्रास होतो. निदान त्याची तशी खात्री आहे. तो घरातली वीज बंद करून कंदिलावर राहतो. त्याच वेळी आमच्या गल्लीतले दिवे गेले. अंधारात काकांचा आवाज आला, "किनवटला राहिला असता तर खडखडीत बरा झाला असता."

दिवे आल्यावर काही भागांनंतर तो प्रसंग आला. जिमी भावाच्या कागदांमध्ये रात्रभर बसून पत्त्यातले आकडे फिरवतो. १२१६ चा १२६१ करतो. एवढ्या दोन आकड्यांनी बँकेचं मोठं काम भावाच्या हातून जातं. नातू म्हणाला, बघा काय डोकं आहे. काका उठून उभे राहिले होते. "डोकं कसलं? घर नंबर चुकला म्हणून मी पैनगंगेच्या पुरात परत फिरलेला माणूस आहे! आणि हा मुद्दाम फिरवायलाय?" ते इतके संतापले की काकूंनी पाणी आणून दिलं. मालिकेतल्या एवढ्या खुनांपैकी कुठल्याही खुनावर ते इतके चिडले नाहीत.

काकू अधूनमधून येऊन दारात उभ्या राहत. त्यांना त्यातली किम दिसली, आणि त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला. "पोरगी एवढी हुशार, ह्या बाबाच्या नादी कामून लागली?" किम झालेल्या ऱ्हिआ सीहॉर्नला एमी पुरस्काराचं नामांकन २०२२ साली मिळालं. काकूंच्या हातात असतं तर त्यांनी ते आधीच दिलं असतं.

एमीचा विषय निघालाच, तेव्हा नातवानं सांगितलं, या मालिकेला एकूण ५३ नामांकनं मिळाली आणि पुरस्कार एकही नाही. समीक्षकांनी यावर पुष्कळ हळहळ केलीय. काका पहिल्यांदा मनापासून हसले.

"त्रेपन्न पेश्या पडल्या आणि निकाल काही नाही! अमेरिकेतबी आपल्यासारखंच हाय की."

तिथला दुसरा एक नमुनाही नातवानं सांगितला. 'सूट्स' नावाची वकिलांची मालिका नऊ सीझन चालली, तिचा स्पिनऑफ 'सूट्स एलए' २०२५ च्या फेब्रुवारीत आला आणि मे महिन्यात बंद करायचं ठरलंही. काकांनी त्यावर वेळ घालवला नाही. "दाखल करून घेतानाच फेटाळला," म्हणाले आणि पान उलटलं.

सगळे ६३ भाग एका दिवाळीत झाले नाहीत. नातू मधेच गेला, शनिवारी-रविवारी येऊन उरलेले दाखवत राहिला. काकांच्या शब्दांत सांगायचं तर प्रकरण 'भागशः सुनावणी'वर होतं. शेवटचा भाग संपला तेव्हा नातवानं विचारलं, "आजोबा, पाचपैकी किती स्टार?"

काकांनी वही उघडली, चष्मा पुसला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. "सदर मालिकेवर समक्ष हजर राहून पाहणी केली असता, वकील मिळून आला. त्याचा भाऊ मिळून आला, नंतर मयत. पार्किंगवरील इसम कामावर हजर मिळून आला, तोही नंतर मयत. समन्स बजावणारा इसम कोठेही मिळून आला नाही. सबब रिपोर्ट सादर."

"ते ठीक आहे, पण स्टार किती?"

"स्टार साहेब देतेत. बेलीफ रिपोर्ट देतोय."

"त्या किमचं काय झालं ते लिहिलंच नाही तुम्ही," काकू दारातून म्हणाल्या.

काकांनी जरा विचार करून एक ओळ वाढवली. "किम ही आपला पत्ता सोडून फ्लोरिडा येथे राहावयास गेल्याचे समजते." मग पंच म्हणून नातवाची सही घेतली, माझी घेतली. काकूंनी सही करण्यास नकार दिला. तसा शेरा मारलेला आहे.