रुमालाची गाठ

निशिकासाई, तोक्यो

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. तुम्ही पाठवलेल्या फोटोंच्या गाठोड्याचे सात भाग पोहोचले. म्हणजे सहा पोहोचले. पाचव्याचं पुढे लिहिते.

जन्मभर तुम्ही कलेक्टर कचेरीत कागदपत्रांचे रुमाल बांधलेत, तेव्हा घरचे फोटोही बांधूनच पाठवणार, यात नवल नाही. पण ते ‘रार’मध्ये बांधा हे कुणी शिकवलं? इथे घरात संगणक एकच, तोही तुमच्या जावयांच्या ऑफिसचा. त्यावर दुसरं काही चढवायची मनाई, आणि ऑफिसनं दिलेलं सॉफ्टवेअर फक्त झिप सोडवतं. रार दिसली की ‘आपण कोण?’ विचारतं.

जावयांनी मग फाइलीच्या नावातलं ‘रार’ खोडून ‘झिप’ लिहिलं. इंजिनिअर आहेत हो, पण नाव बदलून कूळ बदलत नाही. झिपच्या फाइलीत सुरुवातीलाच ‘पीके’ ही अक्षरं असतात, 1989 मध्ये झिप आणणाऱ्या फिल काट्झची आद्याक्षरं. रारच्या सुरुवातीला ‘रार!’ असतं, उद्गारचिन्हासकट. ते काढणाऱ्या रशियन रोशालनं त्या नावात आपलं आडनावच घातलंय. सॉफ्टवेअरनं आत डोकावलं आणि पुन्हा विचारलं, ‘आपण कोण?’

आणि बाबा, रात्रभर संगणक चालू ठेवून ‘सर्वांत घट्ट’वर दाबलंत म्हणे. हे फोटो जेपीईजी, म्हणजे आधीच पिळलेले. पिळून वाळत टाकलेलं धोतर पुन्हा पिळून किती थेंब निघणार? विजेचं बिल तेवढं आलं असेल.

काल चिरंजीवानं माझ्या खांद्यावरून डोकावून विचारलं, हे ‘शि. सा. न. वि. वि.’ काय? म्हटलं, हे आपलं झिप. मग जावयांनी त्याला हफमनची गोष्ट सांगितली. या विद्यार्थ्यानं शेवटची परीक्षा चुकावी म्हणून निबंध लिहायला घेतला, त्यातून निघालेली युक्ती 1952 मध्ये छापून आली आणि आज झिपच्याही पोटात आहे: जे सारखं सारखं येतं त्याला सगळ्यात छोटी खूण द्यायची. चिरंजीवाला कळेना, तेव्हा मी म्हटलं, आजी आजोबांना दिवसातून शंभरदा हाक मारते, म्हणून ते ‘अहो’. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांना नाव, वडिलांचं नाव, आडनाव, शिवाय गाव. लगेच कळलं.

शेवटी सॉफ्टवेअरवाल्यांना अर्ज करायचं ठरलं. जावयांनी तो जपानी रीतीनं लिहिला. आधी हवापाणी, मग तसदीबद्दल माफी, मग पुन्हा माफी. मागणी कुठे आहे ते त्यांनाही सापडेना. मी तुमच्या वळणानं लिहिला. ‘विषय : रार, सेव्हन-झेड व एलझेडएच प्रकारची गाठोडी सोडण्याची सोय करून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून...’ बांधायची सोय आम्ही मागितलीच नाही. रार बांधायची रीत रोशालनं स्वतःकडे राखलीय, पण सोडायची खुली ठेवलीय. तेव्हा ‘शक्य नाही’ ही सबब चालणार नाही, असं मुद्दा क्र. 2 मध्ये ठणकावलं.

उत्तर आलं, ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.’ बाबा, हेच वाक्य तुम्ही लोकांना लिहीत होतात ना? एकेकाला भेटून माफी मागावी म्हणते.

अर्जात एलझेडएच घातलं ते तळमजल्यावरच्या आजोबांसाठी. 1988 मध्ये इथल्या योशिझाकी नावाच्या डॉक्टरांनी ती रीत काढली आणि एके काळी जपानात ती घरोघरी होती. आजोबांचे जुने फोटो अजून तिच्यातच बांधलेले. त्यांना अर्ज दाखवायला गेले, तर ते खुदकन हसले. त्यांच्या संगणकावर सेव्हन-झिप आहे. फुकटचं आहे, आणि झिप, रार, एलझेडएच सगळं सोडतं. दहा मिनिटांत तुमचा रुमाल सुटला. मी चकल्या देऊन आले.

चौथ्या भागापर्यंत सगळं निघालं. पाचवा नसल्यामुळे गाडी आत्याच्या लग्नाशी अडली. पंगतीत वाढणारा मामा कमरेपर्यंतच आलाय, खाली सगळं राखाडी. चिरंजीव त्याला भूत म्हणतो. तेव्हा पाचवा भाग शोधा. आणि खरं सांगू? बांधूच नका. सुटेच पाठवा.

आईला नमस्कार. कळावे,

तुमची लेक

ता. क. आईच्या वहीतली डिंकाच्या लाडवाची कृती मात्र सुखरूप मिळाली. डिंक अंदाजाने, तूप बसेल तेवढं, गूळ चव बघून. हे गाठोडं आजोबांच्या संगणकावरही सुटलं नाही. रविवारी फोन करते, तिला वाटी घेऊन बसायला सांगा.