हल्ली मुक्काम

अमेरिकेच्या हवाई कायद्यात वैमानिकाच्या बिऱ्हाडाविषयी एक कलम आहे, आणि त्या समग्र संहितेत मनुष्यस्वभाव इतका अचूक ओळखणारे दुसरे कलम नसावे, असे माझे नम्र मत आहे. हौशी वैमानिक एकदा आकाशात गेला की, घरपट्टी, शेजारी व तुंबलेली मोरी या सर्व पार्थिव उपाधींतून आपण मुक्त झालो, असा त्यास भ्रम होतो; कलम ६१.६० हा भ्रम मुळातच खुडून टाकते. टपालाचा कायमचा पत्ता बदलल्यावर ओक्लाहोमा सिटी येथील वैमानिक-परवान्यांच्या दप्तरास ज्याने लेखी इत्तला दिली नाही, त्याने ३० दिवस उलटल्यानंतर परवान्याचे अधिकार वापरू नयेत, असा त्याचा आशय. म्हणजे ज्या गृहस्थाने तिसाव्या दिवशी सायंकाळी आडव्या वाऱ्यात आपले सेस्ना निर्वेध उतरवले, तोच एकतिसाव्या दिवशी सकाळी, दृष्टी, प्रकृती व अक्कल शाबूत असताही, केवळ तो कोठे निजतो हे सरकारास ठाऊक नाही एवढ्याच कारणास्तव भूचर ठरतो. आणि इत्तला पोचताच पूर्ववत् खेचर होतो.

ऑर्व्हिल राइट यांच्यामागे हे लचांड कधी लागले नाही. १९१४ साली ते डेटनमधील हॉथॉर्न स्ट्रीटवरचे जुने घर सोडून हॉथॉर्न हिल या प्रशस्त वास्तूत राहावयास गेले, तेव्हा कळवायचे तर कोणास, हाच प्रश्न होता. पुढे १९२७ साली सरकारने परवाने देणे आरंभले व पहिल्या क्रमांकाचा परवाना त्यांना देऊ केला. तो त्यांनी नाकारला, आणि मग तो परवाने देणाऱ्या खात्याचे प्रमुख विल्यम मॅक्रॅकेन यांनी स्वतःच घेतला. सरकारी कामाची ही रीत आमच्या सासऱ्यांना फार पसंत पडली.

आमचे सासरे, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, साताऱ्याकडच्या एका मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. आम्ही डेटन सोडून बाहेरच्या एका खेड्यात बिऱ्हाड हलवले, त्याच सुमारास ते लेकीकडे आले होते. पत्ता बदलण्याचा विषय निघताच त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

“तलाठ्याचा दाखला लागेल?”

“इथे तलाठी नसतो, अण्णा.”

“निदान स्टँपावर प्रतिज्ञापत्र? दोन साक्षीदार?”

“काही नको. संगणकावर भरले तरी चालते, सहीचे साधे पत्र धाडले तरी चालते. फी नाही. नवा पत्ता छापलेले कार्ड हवेच असेल तर मात्र २ डॉलर.”

“म्हणजे कार्ड न बदलता, जुन्या पत्त्याचेच खिशात घालून विमान उडवले तर गुन्हा नाही?”

“नाही. दप्तराला ठाऊक असले म्हणजे झाले.”

अण्णा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. ज्या मनुष्याने उभा जन्म फेरफाराच्या नोंदी तपासण्यात वेचला, त्याच्यापुढे एवढे मोठे साम्राज्य निव्वळ नागरिकाच्या शब्दावर चालल्याचे दृश्य अकस्मात् उभे राहिले, तर त्याला गहिवर यावा की धास्ती वाटावी, हे सांगणे कठीण.

त्यांचे समाधान एका पोटनियमाने केले. खेड्यात आम्ही टपालपेटी घेतली होती. टपालपेटीचा क्रमांक देणाऱ्याने राहत्या घराचा ठिकाणाही द्यावा, आणि घराला धड रस्ता-क्रमांक नसेल तर वाटेचे वर्णन अथवा नकाशा जोडावा, अशी तजवीज आहे. आमच्या घराला रस्ताही होता व क्रमांकही. पण नकाशा हा शब्द कानी पडल्यावर अण्णांना आवरणे परमेश्वरासही शक्य नव्हते. त्यांनी तांबडी शाई मागवली व वर मराठीत मसुदा केला: पूर्वेस मक्याचे शेत, पश्चिमेस काउंटीचा रस्ता, त्यापलीकडे ओढा, दक्षिणेस लाल रंगाचे कोठार, मालक कुत्रा बाळगून आहे, कुत्रा दिवसा मोकळा, उत्तरेस मेथडिस्ट प्रार्थनामंदिर व त्याची दफनभूमी, येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक राहते घर. उत्तर दिशेवरून आमची थोडी हुज्जत झाली, कारण मी होकायंत्राची उत्तर सांगत होतो आणि अण्णा ध्रुवाची. या भागात त्या दोहोंत पाचेक अंशांचे अंतर पडते. “दप्तरात खोटी उत्तर जाता कामा नये,” असे म्हणून त्यांनी आपलीच कायम केली. इंग्रजी भाषांतर मी केले; कुत्रा गाळण्याची परवानगी मिळाली नाही.

यथावकाश राइट बंधूंची चित्रे छापलेले कार्ड आले. अण्णांनी ते उजेडात धरून नावाचे एकेक अक्षर तपासले, पाकीट उलटे करून झटकले व नकाशाची पोच त्यात नसल्याबद्दल नापसंती दर्शवली. मग त्यांनी विचारले, “आणि विमान कोणाच्या नावे आहे?”

“माझ्याच. त्याच्या मालकाचा पत्ता निराळा कळवावा लागतो. गाव तेच, शाखा दुसरी, मुदतही ३० दिवसांचीच.”

“अस्सं! आणि ते उभे असते कुठे?”

“धावपट्टीच्या कडेला, छपराखाली.”

“म्हणजे चतुःसीमा वेगळी,” अण्णा शाईची बाटली जवळ ओढत म्हणाले. “उद्या सकाळी स्थळपाहणीस जाऊ, जावईबापू. पंच म्हणून त्या कुत्रेवाल्याला बरोबर घ्या.”